खलातली पपई आणि टेबलावरच्या चार वाट्या

बँकॉकच्या गल्लीतलं छोटं खानावळवजा दुकान डोळ्यांआधी कानांना सापडतं. मातीच्या खोल खलात लाकडी बत्ता आपटत असतो: पोक, पोक, पोक. आत लसूण, मिरची, शेंगदाणे, ताडाचा गूळ, लिंबू आणि कच्च्या पपईचा कीस. हे 'सोम ताम'. 'सोम' म्हणजे आंबट, 'ताम' म्हणजे कुटणं.

गंमत म्हणजे पपई आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची इकडे बहुधा पोर्तुगीजांनी आणली. ते १५११ मध्ये अयुथ्थयाच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, दरबारी पोचले, त्याच्या वर्षभर आधी त्यांनी गोवा घेतला होता. आज थायलंड काय नि गोवा काय, तिखटाशिवाय दोन्हीकडे घास उतरत नाही!

'तोम यम कुंग' हे कोळंबीचं आंबट-तिखट सूप २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्याचा गंध मराठी नाकाला ओळखीचा वाटतो, कारण त्यात गवती चहा असतो. सोबतीला कुलिंजन आणि मकरूट लिंबाची पानं. ती चावायची नसतात, बाजूला काढायची.

नूडल्सच्या दुकानात टेबलावर चार वाट्या हमखास: साखर, मिरचीपूड, मिरची घातलेला व्हिनेगर आणि फिश सॉस. चव ज्याची त्यानं जुळवायची. भात मात्र चमच्यानं खातात. काटा फक्त घास चमच्यावर ढकलायला.

शाकाहारी माणसानं पिवळ्या पाटीवरचं लाल 'जे' हे अक्षर शोधावं. तिथे मांस, फिश सॉस, अगदी कांदा-लसूणही नसतो.