गाव आमचं, सर्व्हर कुणाचा?

आरमोरी तालुक्यातल्या एखाद्या गावाचा सार्वजनिक कारभार आज कुठे चालतो, या प्रश्नाला 'चावडीवर' किंवा 'ग्रामपंचायतीत' असं सरळ उत्तर देता येणार नाही. ग्रामसभेची नोटीस, धान खरेदी केंद्रावरच्या नोंदणीची मुदत, तेंदू संकलनाचे दिवस, जंगलाच्या कडेला वाघ दिसल्याची खबर, दिवाळीनंतरच्या मंडईतल्या नाटकाची जाहिरात, सगळं व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतं. गटाचा ॲडमिन गावातला असतो, सदस्य गावातले असतात, बोलणं गावाचं असतं. पण ज्या यंत्रावरून ते जातं ते यंत्र, त्याचे नियम आणि ते नियम बदलण्याचा अधिकार परदेशातल्या एका कंपनीकडे असतो. 'स्वतःचा सर्व्हर', 'विकेंद्रित समाजमाध्यमं', 'मुक्त सॉफ्टवेअर' हे शब्द ऐकले की पुण्या-बंगळुरूच्या संगणकवेड्यांचा छंद डोळ्यांसमोर येतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न खरं तर गडचिरोलीचा आहे. ज्या जिल्ह्याने जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर आणि प्रत्यक्षात मिळवून दाखवला, त्याला संवादाच्या मालकीचा प्रश्न इतरांपेक्षा लवकर उमगायला हवा. मात्र त्याचं उत्तर घरोघरी सर्व्हर हे नाही. मालकी संस्थेची हवी, आणि ती पायरीपायरीने यायला हवी.

दुसऱ्याच्या जागेत संसार थाटल्यावर काय होतं, याचे दाखले गेल्या पंधरा वर्षांत भरपूर मिळाले. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. 2020 च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स संपले. जून 2020 मध्ये टिकटॉकवर सरकारने बंदी घातली, आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी कलाकारांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. 'आपलं, देशी, मराठीतही चालणारं' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला त्या कू या माध्यमानेही जुलै 2024 मध्ये दार लावून घेतलं. म्हणजे कंपनी देशी की विदेशी हा मुद्दा इथे दुय्यम आहे. कंपनी बंद पडली नाही तरी धोका असतोच. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या स्वतःच्या यंत्रणेत देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर ठप्प झाले. चूक एका ठिकाणी, अंधार सगळीकडे, हा केंद्रीकरणाचा गुणधर्मच आहे.

याच काळातली उलटी साक्षही मराठीतच मिळते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 1996 साली सुरू केलेलं 'मायबोली' अजून चालू आहे. 2007 चं 'मिसळपाव' आणि त्यानंतरचं 'ऐसी अक्षरे' यांनीही मराठी लेखन आणि वाद आपल्याच जागेत सांभाळले. ही संकेतस्थळं द्रुपल या मुक्त प्रणालीवर चालतात. तिचा परवाना कुणी काढून घेऊ शकत नाही आणि एखाद्या कंपनीचं दिवाळं निघालं म्हणून मजकूर बुडत नाही. त्यांची सदस्यसंख्या फेसबुकच्या तुलनेत नगण्य आहे हे खरं. पण ऑर्कुटवरच्या मराठी समूहांतलं लेखन आज कुणाला दाखवता येत नाही आणि मायबोलीवरच्या जुन्या चर्चा आजही वाचता येतात, हेही खरंच. टिकण्यासाठी संख्येपेक्षा मालकी महत्त्वाची ठरली.

तरीही स्वतंत्र संकेतस्थळ हे एकटं बेट असतं. मायबोलीचा सदस्य तिथूनच मिसळपाववर उत्तर देऊ शकत नाही. विकेंद्रित जाळ्यांनी हीच उणीव भरून काढली. ई-मेलची रीत पाहा: एकाचं खातं जीमेलवर, दुसऱ्याचं विद्यापीठाच्या सर्व्हरवर, तरी पत्र पोचतं, कारण दोघांची यंत्रं एकाच खुल्या नियमावलीने बोलतात. गप्पांसाठी अशीच नियमावली 1999 मध्ये जॅबर या नावाने आली, पुढे ती एक्सएमपीपी झाली. समाजमाध्यमांसाठीच्या ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीला जानेवारी 2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. 2016 मध्ये ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलेलं मॅस्टोडॉन आता तिच्यावर चालतं. आपला सर्व्हर, आपले नियम, आणि तरीही इतरांशी संपर्क, असा हा संघराज्याचा नमुना आहे. भारतात त्याचा बोलबाला नोव्हेंबर 2019 मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि निषेध म्हणून अनेकांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्यातले बरेच काही महिन्यांत परतले. ते का परतले, याकडे पुढे यावंच लागेल.

आता गडचिरोलीकडे येऊ. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या पाचेकशे वस्तीच्या गोंड गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली आणि ती कारभारात उतरवली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेला हा प्रयोग महाराष्ट्राला परिचित आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता. एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे मालकीला अर्थ आला. संवादाच्या बाबतीत आपण आज 2009 आणि 2011 च्या मधल्या अवस्थेत आहोत. मजकूर माझा, छायाचित्र माझं, ओळखीपाळखी माझ्या, असं कंपनीही मान्य करते. पण ते सगळं उचलून दुसरीकडे नेऊ म्हटलं तर जमत नाही. व्हॉट्सॲपच्या गटातली चर्चा एका फोनवरून फाइल म्हणून काढता येते, गट मात्र जिथल्या तिथे राहतो. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर जुन्या नोंदी मागे राहतात, पण अनुसरणारी माणसं बरोबर येतात. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांवर इतर सेवांशी जोडणी देण्याचं बंधन घातलं, ते याच परवान्यासाठी.

मेंढ्याच्या अनुभवातून दुसरा धडा मिळतो तो एककाचा. जंगलाचा हक्क कुटुंबागणिक वाटला असता तर ठेकेदाराने एकेकाला गाठलं असतं. ग्रामसभा हे एकक होतं म्हणून तो टिकला, आणि कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली तेव्हा तेंदूच्या व्यवहारात त्यांचं वजन वाढलं. प्रत्येक गाव स्वायत्त, आणि गावांचा संघ: विकेंद्रित जाळ्याची रचना शब्दशः हीच आहे. तंत्राच्या क्षेत्रातही टिकलेले प्रयोग सामूहिकच आहेत. स्पेनमधल्या कॅटलोनियात कंपन्या खेड्यांकडे फिरकेनात म्हणून 2004 मध्ये लोकांनी सुरू केलेलं गुइफी हे जाळं पस्तीस हजारांहून अधिक जोडण्यांपर्यंत गेलं आणि त्याच्या कारभारासाठी प्रतिष्ठान स्थापन झालं. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत बिनतारी जोडणी नेली आणि 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळवलं. एकट्याचा सर्व्हर त्याच्या उत्साहाइतका टिकतो. संस्थेचा सर्व्हर तिच्या जमाखर्चात नोंदला जातो.

शिवाय या भागात संवाद म्हणजे टंकलेखन नव्हे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या सीजीनेट स्वराने हे नेमकं ओळखलं. साध्या फोनवरून बोलायचं, संपादकांनी तपासायचं, मग फोनवरच कुणीही ऐकायचं. त्यामागे ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर होतं. पुढे 'बुलटू रेडिओ'ने गोंडी गाणी आणि बातम्या ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर नेल्या. इंटरनेट नसलं तरी चालत होतं. गोंडीच्या मसराम आणि गुंजाळा या लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे 2017 आणि 2018 मध्ये जागा मिळाली. पण मोठ्या कंपनीसाठी गोंडी ही कायम शेवटच्या रांगेतली भाषा राहणार. सॉफ्टवेअर खुलं असेल तर त्याचं गोंडी किंवा झाडीबोली रूप करायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या रंगभूमीसाठी गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्या झाडीपट्टी रंगभूमीची ध्वनिचित्रं आज प्रामुख्याने यूट्यूबवर सापडतात. ती तिथे असावीतच. पण मूळ प्रत वडशाच्या एखाद्या संस्थेकडे, तिच्या स्वतःच्या पीअरट्यूब या मुक्त, विकेंद्रित व्हिडिओ-सर्व्हरवर असायला हरकत काय?

पहिला आक्षेप उघड आहे: सगळे जिथे आहेत तिथेच मी असणार. मॅस्टोडॉनवर गेलेले ट्विटरकर याच कारणाने परतले, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण या आक्षेपातून निघतं ते इतकंच की व्हॉट्सॲप सोडून जाणं व्यवहार्य नाही. नोटीस आधी स्वतःच्या पानावर लावावी आणि तिचा दुवा गटावर टाकावा, याला कोण अडवतं? मग गट हे दवंडीचं साधन ठरतं, दप्तर आपल्याकडे राहतं. मुक्त तंत्र कच्चं असतं हा समजही तपासून घ्यावा. व्हॉट्सॲपची सुरुवातीची यंत्रणा ईजॅबरडी या मुक्त एक्सएमपीपी सर्व्हरवरच उभारली गेली होती. खुल्या तंत्रावर माणसं जमवायची आणि मग दारं मिटायची, ही रीत गूगलनेही दाखवली: 2005 चं गूगल टॉक इतर सर्व्हरांशी बोलत असे, 2013 मध्ये आलेल्या हँगआउट्सने ती वाट बंद केली. उणीव तंत्रात नव्हती.

दुसरा आक्षेप देखभालीचा, आणि तो सर्वांत वजनदार. सर्व्हर अद्ययावत ठेवावा लागतो, प्रती काढाव्या लागतात, रात्रीबेरात्री बिघाड पाहावा लागतो. मोबाइल कंपन्यांच्या जोडणीत शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असतो, त्यामुळे गावातल्या यंत्रापर्यंत बाहेरून थेट पोचणं अवघड. त्यात विजेचा लपंडाव. छोट्या सर्व्हरवरून पाठवलेलं ई-मेल बड्या सेवा सरळ कचऱ्यात टाकतात. म्हणून ई-मेलचा सर्व्हर गावाने स्वतः चालवण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पाचेक वॅट विजेवर चालणारा छोटा संगणक शाळेत किंवा वाचनालयात बसवून पुस्तकं, ठराव आणि ध्वनिफिती स्थानिक वायफायवर देणं सहज शक्य आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा असं यंत्रच उपयोगी पडेल. बाहेरच्या जगासाठीचं पान भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावं. नाव आणि प्रत आपली असली की भाडेकरार बदलता येतो.

तिसरा आक्षेप या जिल्ह्यात टाळून चालणारच नाही: सुरक्षेचा. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने दहशतवादी वापरतात या कारणावरून चौदा संदेश ॲपवर बंदी घातली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त ॲपही होती. नक्षलवादाची झळ सोसलेल्या जिल्ह्यात पोलिसांना अशा साधनांची धास्ती वाटावी हे समजण्यासारखं आहे. पण एलिमेंट ज्या मॅट्रिक्स प्रणालीवर चालतं तिच्यावरच फ्रान्स सरकारने 2019 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चाप हे ॲप आणलं आणि जर्मन लष्करही तीच प्रणाली वापरतं. शिवाय ग्रामसभेचं दप्तर गुप्त नसतंच, ते उघडं असावं हाच त्याचा हेतू. नोंदणीकृत संस्थेच्या नावाने, जबाबदार माणसाच्या पत्त्यासह चालणारा सर्व्हर हा दडण्याचा आडोसा नव्हे. जबाबदारीचा प्रश्न उरतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं की सदस्याच्या मजकुरासाठी गटाच्या ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येणार नाही. सर्व्हर चालवणाऱ्याचं कायदेशीर स्थान मात्र वेगळं आहे. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर बेकायदेशीर मजकूर काढणं त्याला भाग आहे. म्हणूनच खुल्या गप्पांचं व्यासपीठ ही शेवटची पायरी असावी.

क्रम असा असावा. आधी नाव: संस्थेच्या मालकीचं डोमेन, कुणा कार्यकर्त्याच्या नावावर नव्हे. मग दप्तर: ठराव, लिलावाच्या नोंदी, ध्वनिफिती खुल्या स्वरूपात, दोन ठिकाणी प्रतींसह. मग प्रसारण. आणि ते अंगवळणी पडल्यावर आपल्या सर्व्हरवर संवाद. पहिल्या दोन पायऱ्यांना कुणा तज्ज्ञाची वाट पाहायला नको. आरमोरीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या आवाक्यातलं हे काम आहे. ज्या ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, त्यांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा: आपलं दप्तर कुणाच्या यंत्रावर आहे, आणि ते उद्या आपल्याला परत मिळेल का?