भाकरीतील लोह

सक्करदऱ्याच्या बाजारात धान्याच्या राशी मांडलेल्या असतात. बाजरीचे दोन दाणे दिसावयास सारखेच. परंतु त्यांचे पोषणमूल्य सारखेच असेल असे नाही.

प्राणवायू वाहून नेण्यासाठी रक्तास लोहाची आवश्यकता असते. ते उणे पडले, की मूल लवकर थकते व त्याचे चित्त अभ्यासात लागत नाही. पोट भरूनही ही उणीव राहू शकते. शास्त्रज्ञांनी तिच्यावर बियाण्यातच उपाय शोधला. बाजरीच्या एका प्रचलित वाणातून अधिक लोह असलेली झाडे निवडून त्यांनी त्यांच्यापासून नवे बी सिद्ध केले. पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित केलेला 'धनशक्ती' हा तो वाण होय. त्याच्या एक किलो दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते.

महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या काही विद्यार्थ्यांना सहा महिने अशा बाजरीची भाकरी व इतरांना साध्या बाजरीची भाकरी देण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात लोह कमी होते, त्यांपैकी नव्या बाजरीची भाकरी खाणाऱ्यांची उणीव अधिक प्रमाणात भरून निघाली होती. ताटातील भाकरी तीच राहिली. तिचा गुण मात्र वाढला.