न दिसणारं रक्त

वृद्धांच्या देखभाल केंद्रात सकाळ उजाडते ती बहुतेकदा साखर तपासण्यानं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, ग्लुकोमीटरवरचा आकडा टिपायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१० मध्ये अशाच एका केंद्रातल्या आठ वृद्धांना या रोजच्या कामातून हिपॅटायटिस बी झाला. त्यातले सहा जण दगावले.

तपासात दोन चुका आढळल्या. एकाच व्यक्तीसाठी असलेलं बोट टोचण्याचं पेन अनेकांना वापरलं जात होतं. शिवाय ग्लुकोमीटर एका रुग्णानंतर स्वच्छ न करताच दुसऱ्याकडे जात होता.

पेनातली सुई बदलली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण रक्त पेनाच्या तोंडालाही लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही. तरी हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस संसर्ग करण्याइतका तग धरतो.

ग्लुकोमीटर तर कुणाला टोचत नाही. मग धोका कुठून येतो?

हातांवरून. रक्त लागलेल्या हातमोज्यानं यंत्राचं बटण दाबलं जातं. पुढच्या रुग्णाच्या वेळी तेच यंत्र हाताळून, त्याच बोटांनी ताज्या जखमेवर कापूस दाबला जातो. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर हातमोजे बदलणं आणि हात धुणं हाही उपकरणांच्या स्वच्छतेचाच भाग ठरतो.

यंत्र पुसण्याचीही रीत आहे. आधी रक्त आणि मळ काढायचा, कारण रक्तातली प्रथिनं अनेक जंतुनाशकांचा जोर कमी करतात. मग जंतुनाशक लावून, वेष्टनावर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. घाईनं लगेच कोरडा केला, तर विषाणू वाचतात.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रत्येकाचा वेगळा, नाव लिहिलेला ग्लुकोमीटर. टोचण्यासाठी एकदा वापरताच आपोआप बंद होणारी सुई मिळते. ती वापरून झाली की थेट सुयांच्या डब्यात टाकायची. हिपॅटायटिस बीची लसही आहे.

महाराष्ट्रातल्या वृद्धाश्रमांत आणि मधुमेह तपासणी शिबिरांतही बोटं अशीच टोचली जातात. आईवडिलांना भेटायला जाणाऱ्या मुलांनी तिथल्या परिचारिकेला निःसंकोच विचारावं: टोचायचं पेन कुणाकुणाला वापरता? यंत्र कशानं पुसता आणि किती वेळ ओलं ठेवता?