गारगोटी आणि अंगठीतला अकीक

नदीच्या पात्रात किंवा बांधकामाच्या वाळूत पांढरा गुळगुळीत खडा सापडला, की मुले आम्हा शिक्षकांना हटकून विचारतात, "हा हिरा आहे का?" हिरा नव्हे, बहुधा ती गारगोटी असते.

खात्री घरीच करता येते. खड्याची धार जुन्या काचेच्या बाटलीवर ओढावी; हे काम मोठ्यांनी करावे. गारगोटी काचेवर ओरखडा पाडते, पण चाकूच्या टोकाने तिच्यावर ओरखडा पडत नाही. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा 10, तर गारगोटी 7. तसाच पांढरा दिसणारा कॅल्साइट फक्त 3, म्हणून तो चाकूने सहज ओरखडतो. त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकले, तर बुडबुडेही येतात. गारगोटीवर काहीच होत नाही.

महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांत हळूहळू साठत गेली आणि स्फटिक व अकीक तयार झाले. पुढे काळा पाषाण झिजून त्याची माती झाली. हे कठीण खडे मात्र टिकले.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांदीच्या अंगठीतला अकीक म्हणजे गारगोटीचाच भाऊबंद. फरक इतकाच, की त्याचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. गुजरातेत भडोचजवळच्या रतनपूरचा अकीक खंबातचे कारागीर घडवतात. पिवळट-तपकिरी खडे मंद आचेवर भाजले, की त्यांतल्या लोहामुळे ते लाल होतात. ही फसवणूक नाही, फार जुनी कारागिरी आहे. लोथलच्या उत्खननातही मणी घडवण्याचा कारखाना सापडला आहे.

पण या लालीची किंमत कारागिराचे फुप्फुस मोजते. अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ श्वासावाटे आत जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा करणारे औषध नाही. बरीच घासाई घरांतच चालत आल्याने घरच्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासातही ती धूळ जाते. बचाव एकच: धूळ उडूच न देणे. त्यासाठी पाणी सोडून ओली घासाई करावी लागते आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवावी लागतात.

म्हणून मुलांना गारगोट्या जरूर गोळा करू द्याव्यात, धुऊन, पारखून मांडू द्याव्यात. कोरड्या फोडू किंवा घासू मात्र देऊ नयेत. आणि अकीक विकत घेताना नगिन्याच्या रंगाबरोबर हेही विचारावे, की तो घासणाऱ्याच्या कारखान्यात धूळ ओढणारे यंत्र आहे का? गिऱ्हाईक विचारू लागले, तर दुकानदारालाही उत्तर शोधावे लागेल.