*वेबसाइटसाठी मालाचा फोटो : मागचं काढा, फक्त माल ठेवा*



फवारणी आणि खताचा सल्ला नेहमीच्या दिवशी येईलच. आजचा मेसेज विक्रीचा आहे.

कंपनीच्या वेबसाइटवर आपली तूरडाळ, हळद पावडर, लाल मिरची आणि घाण्याचं तेल टाकायचं काम सुरू आहे. तुमच्याकडून फोटो आले. माल छान दिसतोय, पण मागे कुठे ट्रॅक्टरचं चाक, कुठे पत्र्याचं शेड, कुठे चपला. बाजार समितीत व्यापारी मूठभर माल हातात घेऊन बघतो. वेबसाइटवर हात लावता येत नाही, तिथे फोटो हीच वानगी. म्हणून मागचं सगळं काढून फक्त माल ठेवलेला, म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमीचा फोटो हवा आहे.

*पांढरं आणि पारदर्शक यात फरक आहे*
मागे पांढरी चादर धरली की फोटो पांढरा होतो, पारदर्शक नाही. तो वेबसाइटच्या हिरव्या पट्टीवर ठेवला की मालाभोवती पांढरा चौकोन दिसतो, ठिगळ लावल्यासारखा. पारदर्शक फोटोत मागे काहीच नसतं. तोच फोटो हिरव्या पट्टीवर, पिशवीच्या लेबलवर, दिवाळीच्या पोस्टरवर कुठेही बसतो. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते, तीही त्याच फोटोमागे भरता येते. एकदा केलेलं काम चार ठिकाणी उपयोगी पडतं.

*जेपीजी नको, पीएनजी हवी. का?*
फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा रंग किती, याचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. पीएनजी फाइलमध्ये चौथा आकडाही ठेवता येतो : हा ठिपका किती दिसावा? ० म्हणजे अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण. जेपीजीत या चौथ्या आकड्याला जागाच नाही. सातबाऱ्यावर रकानाच नसेल तर नोंद कुठे करणार? म्हणून पारदर्शक फोटो जेपीजीत सेव्ह केला की मागे पांढरा किंवा काळा रंग भरला जातो आणि केलेली मेहनत वाया जाते.

*फोटो काढताना*
१) सकाळी सावलीत काढा. भर उन्हात गडद सावली पडते आणि ॲपला ती मालाचाच भाग वाटते.
२) मागचा कपडा मालाच्या उलट रंगाचा घ्या. पांढऱ्या लसणामागे गडद कपडा, लाल मिरचीमागे पांढरा.
३) माल फोटोत पूर्ण येऊ द्या, कडेला थोडी जागा सोडा.
४) पिशवी असेल तर लेबल समोर ठेवा. १४ अंकी एफएसएसएआय नंबर वाचता आला पाहिजे.

*मागचं काढताना*
• आयफोनवर (एक्सएस किंवा नंतरचा, आयओएस १६ किंवा पुढचं) : गॅलरीत फोटो उघडून मालावर बोट दाबून धरा. माल वेगळा निघतो, मग शेअर करून सेव्ह करा.
• अँड्रॉइडवर : रिमूव्ह डॉट बीजी या वेबसाइटवर फोटो टाका. फुकटात लहान आकाराचा फोटो मिळतो, नमुन्यासाठी तो चालेल.
• कॅनव्हामध्येही ही सोय आहे, पण पैसे भरून. फक्त यासाठी पैसे भरू नका.

नंतर फोटो मोठा करून कडा तपासा. मिरचीचे देठ आणि कोथिंबिरीची पानं ॲप बऱ्याचदा कापून टाकतं. तेलाच्या काचेच्या बाटलीतून मागचं दिसतं, तिथे ॲप हमखास गडबडतं. बाटलीचे फोटो जसेच्या तसे पाठवा, ते आम्ही ऑफिसात करू.

*पाठवताना* ⚠️
सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पारदर्शकपणा जातो. एचडी निवडलं तरी जातो. म्हणून फाइल जोडण्याच्या खुणेवर दाबा, *डॉक्युमेंट* निवडा आणि तिथून फाइल पाठवा. स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, त्यातही मागचा रंग येतो.

गूगलवरून फोटो उतरवू नका. मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसल्या म्हणजे पारदर्शक, असं नाही. कित्येकदा त्या चौकटी फोटोतच छापलेल्या असतात. आणि तो दुसऱ्याचा माल असतो, ही मोठी गोष्ट.

*एक विनंती*
मागचं काढा, पण मालाचा रंग वाढवू नका. फिल्टर लावून हळद जास्त पिवळी केली, तर गिऱ्हाईक पाकीट उघडून फोटोशी ताडून बघणारच. माल परत आला तर वाहतुकीचा खर्च आपल्याच कंपनीवर, म्हणजे आपल्या सगळ्यांवर. आहे तसा माल, फक्त स्वच्छ दिसावा, एवढंच करायचं आहे.

शनिवारपर्यंत प्रत्येक मालाचे दोन फोटो याच नंबरवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत तुमचं नाव, गाव, मालाचं नाव आणि काढणीचा महिना लिहा. मूळ फोटो डिलीट करू नका, पुन्हा लागू शकतो. जमलं नाही तर घरातल्या कॉलेजच्या पोरा-पोरींना हा मेसेज दाखवा, नाहीतर संकलन केंद्रावर या, मिळून करू.

– कृषी सल्ला विभाग 🌱