उकिरड्यातला गोरख आणि चीनचे सिद्ध



श्रावणात आपल्याकडे, बारामती-इंदापूरच्या गावांत, नवनाथांची पोथी लागते. त्याच घरात पोरं मोबाईलवर चिनी मालिका बघत असतात. उडत्या तलवारी, डोंगरावरचे गुरू. बचत गटाच्या बैठकीत एक ताई वैतागून म्हणाल्या, "हे काय खूळ?" आम्ही म्हटलं, ताई, आपल्या पोथीत तरी दुसरं काय आहे?

चीनमध्ये या कथांना 'शिएनशिया' म्हणतात. शिएन म्हणजे मरणाला जिंकलेला सिद्ध, शिया म्हणजे शूर. मूळ आहे ताओ पंथाच्या साधनेत. नायक बहुधा पोरका, दुबळा, सगळ्यांनी हिणवलेला. त्याला गुरू भेटतो. मग श्वास, ध्यान, औषधी यांच्या जोरावर तो एकेक पायरी चढतो आणि दर पायरीला परीक्षा देतो.

आता 'नवनाथ भक्तिसार' आठवा. मालू कवींनी ती शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली लिहिली, अध्याय चाळीस. मच्छिंद्रनाथ मूल नसलेल्या बाईला भस्म देतात. शेजारणी तिला भीती घालतात, ती ते उकिरड्यात टाकते. बारा वर्षांनी नाथ येऊन हाक मारतात, तेव्हा आतून गोरख 'ओ' देतो. पुढे गुरूच स्त्रीराज्यात रमले, तर हाच शिष्य त्यांना सोडवून आणतो आणि वाटेत त्यांच्या झोळीतली सोन्याची वीट फेकून देतो. चिनी नायकही असाच तळातून येतो, पण त्याची धाव बहुतेक वेळा अधिक बळाकडे असते. नाथांकडे सिद्धी मिळाली तरी हातात झोळीच.

आमचं बोलणं अडलं ते त्या भस्मवाल्या बाईवर. "तिचीच चूक," असं पटकन म्हटलं गेलं. मग एक जण हळूच म्हणाली, मूल नाही म्हणून गाव बोलतं तेव्हा कोण काय देतंय आणि कोण काय सांगतंय, काही कळत नाही हो. थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

पोथीत मैनावतीही आहे. राजाची आई, पण गवताचा भारा वाहणाऱ्या जालिंदरनाथांना तिने ओळखलं आणि गुरू केलं. राणीने कान भरले, म्हणून मुलाने, गोपीचंदाने, आईवर संशय घेऊन त्याच गुरूला खड्ड्यात पुरलं. शेवटी तोच राज्य सोडून झोळी घेऊन निघाला. इथे साधना आधी आईने केली, मुलगा मागून आला. यंदाच्या पारायणात त्या अध्यायापाशी थांबून बोलायचं आम्ही ठरवलंय. पोरांनाही बोलावणार आहोत, मोबाईल बाजूला ठेवून.