ट्राउटच्या नदीचा पारा

ट्राउटच्या नादी लागलेल्या माणसाच्या झोळीत गळ, रीळ आणि कृत्रिम माश्यांची डबी असायचीच. माझ्या झोळीत लांब दोरी बांधलेला थर्मामीटरही असतो. पहलगामला माझ्याबरोबर येणारे वाटाडे चाचा सुरुवातीला फार हसत. “साहेब, नदीला ताप आलाय का?” असं विचारत. ते स्वतः मनगटापर्यंत हात बुडवून जे सांगतात, ते बहुतेक वेळा बरोबर निघतं, ही गोष्ट वेगळी.

इतिहास उरकूनच टाकतो. ट्राउट हा मूळचा इथला मासा नव्हे. 1899 मध्ये इंग्लंडहून काश्मीरला निघालेली अंडी वाटेतच खराब झाली, 1900ची खेप जगली आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलने पिल्लं वाढवली. पुढे 1909च्या सुमारास ट्राउट कुलूला पोचला. झालं.

खरी गंमत पाऱ्यात आहे. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गरम, तेवढं त्याचं अंग गरम. पाणी तापलं की त्याच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना जेमतेम 9. पहलगामच्या उंचीवर हवाच विरळ, म्हणून त्यातूनही साधारण पाचवा हिस्सा वजा करायचा. तपकिरी ट्राउट 12 ते 16 अंशांत मनापासून खातो, 19-20ला तोंड मिटतो आणि 25च्या आसपास काही दिवस काढावे लागले तर मरतो. कोयनेत ट्राउट का सोडत नाहीत, असं मला दर व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर याच आकड्यांत आहे. आपल्या उन्हाळी पाण्यात महसीर सुखाने राहतो, ट्राउट नाही.

आता माझा लाडका विषय. अनंतनाग जिल्ह्यात दोन स्वभावांची पाणी जवळजवळ वाहतात. लिद्दर ही बर्फाची नदी. तिचा एक फाटा कोलाहोई हिमनदीकडून येतो, दुसरा शेषनागकडून, आणि पहलगामला त्यांचा संगम होतो. जूनमध्ये डोंगरावर ऊन चढलं की बर्फ वितळतं, ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं आणि नदी फुगून गढूळ होते. माशी टाकायची तर सकाळीच, पाणी नितळ असताना. कोकरनागचं पाणी निराळं. चुनखडीच्या पोटात मुरून झऱ्यांवाटे वर येणारं ते पाणी उन्हाळ्यात गार लागतं, हिवाळ्यात कोमट. पारा फार हलत नाही, म्हणून ट्राउटचं मोठं मत्स्यबीज केंद्र तिथेच उभं राहिलं. तिथल्या हौदांच्या काठावर मी तासन्‌तास रमतो. अंड्यांचा हिशेब तर दिवस आणि अंश यांच्या गुणाकारात चालतो. 10 अंशांच्या पाण्यात तपकिरी ट्राउटची अंडी साधारण चाळीस दिवसांत फुटतात, 5 अंशांत जवळजवळ दुप्पट वेळ घेतात.

पण झऱ्याचाही भरवसा वरच्या बर्फावरच. हिवाळा कोरडा गेला की भूगर्भात मुरायला पाणी कमी पडतं. फेब्रुवारी 2025 मध्ये याच जिल्ह्यातल्या अचबलचा मुघल बागेतला झराच आटला होता. झरा आटतो तेव्हा प्रवाह उथळ होतो आणि उथळ पाणी उन्हात झपाट्याने तापतं. मग ट्राउट वर सरकतो, गार ओहोळ मिळतात तिथे, धबधब्याच्या फेसाखाली, खोल डोहात. गळवालाही त्याच्यामागे तिथे पोचतो आणि सगळे मासे एकाच आसऱ्याला जमल्यामुळे ते पकडणं सोपं होतं. मला ही शिकार वाटत नाही, लूट वाटते.

‘पकडून सोडून देतो’ म्हणणाऱ्यांनाही सूट नाही. गळाला झुंजताना माशाच्या स्नायूंत आम्ल साचतं. गार पाण्यात तो त्यातून सावरतो. तापलेल्या पाण्यात हातातून ऐटीत निसटलेला मासा काही तासांनी मरू शकतो आणि ते आपल्याला दिसतही नाही.

अमेरिकेतल्या मोंटानात यासाठी नियम आहे. पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास 23 सेल्सिअसला पोचलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. ऑगस्ट 2016 मध्ये तर यलोस्टोन नदीचा 183 मैलांचा पट्टा बंद केला होता. मूत्रपिंडाला ग्रासणाऱ्या परजीवीने हजारो मासे मेले होते आणि कमी, कोमट पाण्याने रोगाला बळ दिलं होतं.

माझ्या मते 23 हा आकडा फार उदार आहे, मी 19ला रीळ गुंडाळतो. आपल्या परवान्यांवर मासे किती आणि केवढे धरायचे ते लिहिलेलं असतं. त्याखाली पाण्याच्या तापमानाची एक ओळ घालायला फारसा खर्च नाही. शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्यायचा आणि भर दुपारी पारा वर गेला असेल तर माशीची डबी उघडायची नाही. चाचांसारखा हात सगळ्यांना थोडाच लाभतो?